काळ्या कातळातली घळ कशी वाचावी: साताऱ्याकडच्या दऱ्या पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

ठोसेघर धबधब्यासमोरच्या गॅलरीत उभं राहिलं की नजर आधी पाण्याकडे जाते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. फोटो, भाजलेलं कणीस, चहा आणि परत साताऱ्याला. साताऱ्याकडच्या कुठल्याही मोठ्या कड्यावर मात्र आडव्या पट्ट्या असतात: काळा उभा कातळ, त्याखाली झुडपांची हिरवी ओळ, कुठे तांबडी रेघ, पुन्हा काळा कातळ. धबधबा इथेच का पडतो, घळ इथेच का चिंचोळी झाली, उन्हाळ्यातही कड्याच्या मध्यावर ओल का असते, हे सगळं त्या पट्ट्यांवरून कळतं. ते कसं ओळखायचं, कुठल्या क्रमाने बघायचं आणि नवखे लोक नेमके कुठे फसतात, ते पुढे दिलं आहे. भूगोलाचं दहावीपर्यंतचं ज्ञान पुरेसं आहे.

दगडाबद्दल एवढं आधी

हा सगळा दगड लाव्हाचा, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्यावर पुढचा आला. असे थरावर थर साचले. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल भोकं पाडली, तेव्हा रासाटीजवळ सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. सह्याद्रीतल्या या थरांच्या वरच्या गटाला भूशास्त्रात 'वाई उपगट' म्हणतात आणि त्यातल्या भागांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं आहेत. जगभरच्या शोधनिबंधांत आपल्या घाटांची नावं अशी रुजलेली आहेत, म्हणून ती इथल्या माणसाला माहीत असायला हवीत असं आम्हाला मनापासून वाटतं.

एका थराचे तीन भाग असतात आणि घळ वाचण्याचं निम्मं काम या तीन भागांवर चालतं. तळाशी थोडा सच्छिद्र पट्टा असतो. काही ठिकाणी त्यात बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या दिसतात, त्या वर सुटणाऱ्या वायूच्या. मध्ये घट्ट गाभा: काळा, जड, छिद्रं जवळजवळ नाहीत, उभ्या भेगांनी चिरलेला. वर पुन्हा सच्छिद्र कवच, कारण लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि पृष्ठभाग आधी थिजल्यामुळे तिथेच अडकतात. हे कवच तांबूस-करडं आणि ठिसूळ असतं. विहीर खोदणारे यालाच मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो, काही सेंटिमीटरपासून एखाद-दोन मीटरपर्यंत. तो गेरू. खालचा थर उघडा पडून कुजला, कुठे राख साचली, मग वरून आलेल्या तापलेल्या लाव्हाने ती माती भाजून निघाली.

गाभा झिजायला हट्टी, म्हणून त्याचा उभा कडा होतो. कवच आणि गेरू लवकर झिजतात, म्हणून तिथे आडवी पायरी पडते, माती साचते, कारवी आणि गवत उगवतं. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या यामुळे.

कधी जायचं

पाणी बघायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. दगड बघायचा असेल तर ते महिने सोडा. धुक्यात समोरची भिंतच दिसत नाही, आणि दिसली तरी ओला बेसाल्ट सगळाच सारखा काळा दिसतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ नवख्यांना सर्वांत चांगला: हवा स्वच्छ, धबधब्याला थोडं पाणी, आणि कड्यावरचं गवत वाळायला लागलेलं असतं, त्यामुळे झुडपांच्या हिरव्या ओळी ठळक उठून दिसतात. ओढ्याच्या पात्रात उतरायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये दगड पूर्ण उघडा असतो आणि झरे कुठल्या पट्ट्यातून निघतात हे सगळ्यात स्पष्ट तेव्हाच कळतं. पण ऊन कडक असतं, वणवे लागतात आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात.

दिवसातली वेळही बघा. तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीची सावली पडते आणि थर वेगळे होतात. भर दुपारी सगळी भिंत सपाट वाटते. दक्षिणोत्तर दरीची पश्चिमेकडची भिंत सकाळी बघावी, पूर्वेकडची संध्याकाळी. फोटोसाठी मात्र ढगाळ पण कोरडा दिवस उत्तम, कारण काळी सावली आणि काळा दगड कॅमेऱ्याला वेगळे करता येत नाहीत.

सोबत काय

घोट्यापर्यंतचे, खोल नक्षीच्या तळाचे बूट. गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज शेवाळलेल्या कातळावर पाच पावलंही टिकत नाहीत. माणशी तीन लिटर पाणी, शिट्टी, टॉर्च. दगड बघायला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, पाच मीटरची टेप, स्टीलचा चाकू किंवा खिळा, आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगरची लहान बाटली. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, वीतभर दोरा आणि एक लोखंडी नट. साधी दुर्बीण असेल तर फारच चांगलं, ८×४० पुरते. वही आणि पेन्सिल, कारण दवात शाईच्या पेनाचं लिहिलेलं पसरतं.

हातोडा घरी ठेवा. पडलेल्या तुकड्यावर सगळं दिसतं, आणि राखीव जंगलात किंवा व्याघ्र प्रकल्पात दगड फोडणं, उचलणं हा गुन्हा ठरू शकतो.

होकायंत्र घेतलंत तर एक लक्षात ठेवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. कातळावर टेकवलेलं होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, आणि जिथे कधी वीज पडली असेल अशा माथ्यावरच्या खडकावर तर सुई पूर्ण भरकटते. ते दगडापासून दूर, छातीच्या उंचीवर धरा, दहा पावलं सरकून पुन्हा बघा. दोन्ही आकडे जुळले तरच लिहा. मोबाइलमधलं होकायंत्रही असंच फसतं.

पहिली पायरी: विहीर आणि घाटरस्ता

थेट घळीकडे जाऊ नका. आधी हात लावता येईल असा दगड बघा, म्हणजे लांबून काय दिसतंय ते कळेल.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे उन्हाळ्यात पाणी खाली गेलेली, न बांधलेली विहीर. मालकाला विचारा, कठड्यामागे उभे राहा. वरून खाली: काळी किंवा तांबडी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग घट्ट पाषाण, आणि नशीब चांगलं असेल तर एखादी गेरूची रेघ. पाणी कुठून पाझरतंय ते बघा. बहुतेक वेळा ते मांजऱ्यातून किंवा गेरूच्या अगदी वरून येतं. गेरू फुगतो, घट्ट बसतो, पाणी खाली जाऊ देत नाही; त्यामुळे वरच्या थराच्या भेगांतून उतरलेलं पाणी गेरूवर अडून आडवं वाहतं. कड्यावरचे बारमाही झरे असेच. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर, पायरीवर वसलेल्या कितीतरी वाड्यांची पाण्याची सोय याच पट्ट्यावर आहे.

दुसरी जागा पसरणीचा घाट. वाईहून पाचगणीला चढताना साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठली जाते आणि रस्त्याकडेला कापलेला दगड सलग दिसत राहतो. वाहन रुंद वळणावर, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर लावा. दगडाकडे बघत रस्त्यावर मागे सरकू नका. तीन-चार ठिकाणी थांबून एकच प्रश्न विचारा: मी आत्ता थराच्या तळाशी आहे, गाभ्यात आहे की कवचात? छिद्रं नाहीत, उभ्या भेगा आहेत तर गाभा. छिद्रं दाट आणि दगड ठिसूळ तर कवच. सर्वांत वर पाचगणीला पोचल्यावर दगडच बदलतो: तांबडा, भोकाभोकांचा, लोखंडी रंगाचा जांभा. तो वेगळा लाव्हा नव्हे. बेसाल्टच प्रदीर्घ काळ पावसापाण्यात कुजून त्याचा जांभा झाला. टेबल लँड, कास आणि चाळकेवाडीच्या पठारांची टोपी त्याचीच आहे.

खंबाटकीला मात्र थांबू नका. तिथे थर सुंदर आहेत, पण महामार्गावरच्या वाहनांचा वेग असा की कडेला उभं राहणंही धोक्याचं.

दुसरी पायरी: घळ समोरच्या काठावरून

साताऱ्याहून बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याने निघा. ठोसेघर साधारण पंचवीस किलोमीटरवर. वाटेत सज्जनगडावर अर्धा तास द्या. तटावरून उरमोडी धरणाचा जलाशय आणि भोवतीचे डोंगर दिसतात, आणि त्या डोंगरांच्या पायऱ्या एकमेकांशी जुळतात का ते तपासता येतं. एका डोंगरावरची पायरी त्याच उंचीवर पलीकडच्या डोंगरावर सापडते, कारण तो एकच थर, मधला भाग नदीने खाऊन टाकलेला. दरी म्हणजे गेलेला दगड, हे इथे डोळ्यांना पटतं.

ठोसेघरला वनखात्याने कठडे बांधलेली गॅलरी आहे. तिथूनच बघायचं. दरीत खाली उतरायच्या वाटा कुणी सुचवल्या तरी जाऊ नका. घसारा आहे, वरून दगड सुटतात आणि अपघात होतात. शिवाय थर बघायला खाली जाण्याने काही मिळत नाही, भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून भिंत दिसत नाही.

आता वही काढा आणि रेखाचित्र काढा. फोटो नंतर. हाताने काढताना प्रत्येक रेघेचा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून डोळा तिथे जातो जिथे फोटो काढताना जात नाही. पानावर दोन उभ्या रेघा मारा, त्यांच्यामध्ये वरून खाली फक्त आडवे बदल नोंदवा: कुठे उभा कडा, कुठे पायरी, कुठे झुडपं, कुठे ओल, कुठे तांबडं. पाणी, झाडं, ढग काढू नका. दहा मिनिटांत चित्र झालं पाहिजे.

मग थर मोजा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. नवखा माणूस प्रत्येक पायरीला नवा थर समजतो. पण एकाच जाड थराच्या गाभ्यातही खालचा भाग सरळ उभ्या खांबांचा आणि वरचा भाग वेड्यावाकड्या बारीक भेगांचा असू शकतो. दोन्ही वेगळे झिजतात आणि मध्ये खोटी पायरी पडते. कसोटी एकच: दोन कड्यांमध्ये सच्छिद्र कवच किंवा गेरू आहे का? दुर्बिणीतून तो पट्टा दिसला तर दोन थर. नसेल तर एकच धरा आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवा. उलट चूकही होते. दाट झाडीखाली एखादा पातळ थर पूर्ण झाकलेला असतो आणि मोजणीत येत नाही. म्हणून 'इथे सात थर आहेत' असं न लिहिता 'इथून सात दिसतात' असं लिहा.

थर तिरके दिसले तर लगेच निष्कर्ष काढू नका. साताऱ्याकडचे थर जवळजवळ आडवे आहेत, त्यांचा उतार एका अंशाहून कमी, डोळ्याला न जाणवणारा. दरी वळते, भिंत आपल्यापासून लांब जाते, आणि आडवी रेघ त्यामुळे कललेली दिसते.

जाडी मोजण्याची साधी रीत

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधा, टोकाला नट. सरळ कडेवरून समोरच्या भिंतीच्या पायाकडे नेम धरा, दोरा स्थिर होऊ द्या, आणि तो ९० पासून किती अंश सरकला ते वाचा. समोरच्या भिंतीपर्यंतचं आडवं अंतर मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजायच्या सोयीने काढा. खोली म्हणजे अंतर गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट. लागणारे आकडे वहीच्या मागे लिहून ठेवा: ३० अंशांना ०.५८, ३५ ला ०.७०, ४० ला ०.८४, ४५ ला १, ५० ला १.१९.

उदाहरण घ्या. भिंत २०० मीटरवर आहे. एका कड्याचा माथा आडव्यापासून ३५ अंश खाली, त्याचाच पाया ४० अंश खाली. फरक २०० × (०.८४ − ०.७०), म्हणजे २८ मीटर. तो गाभ्याचा कडा २८ मीटर जाड. इथले थर दहापासून चाळीस-पन्नास मीटरपर्यंत सहज असतात, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं आहे. उत्तर १५० आलं तर बहुधा दोन-तीन थर एकत्र मोजले गेलेत.

ही रीत किती चुकते तेही सांगतो. वरच्या उदाहरणात ४० ऐवजी ४२ अंश वाचलं गेलं तर बारा मीटरचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक कोन तीनदा घ्या, दोघांनी वेगवेगळा घ्या, सरासरी लिहा. वाऱ्यात दोरा हलतो. जड नट आणि आडोसा दोन्ही हवेत. चिंचोळ्या घळीत मोबाइलच्या जीपीएसवर उंची घेऊ नका. उपग्रह भिंतीआड जातात, संदेश भिंतीवर आपटून येतो आणि आकडा उड्या मारतो.

धबधबा मागे कसा सरकतो

ठोसेघर तारळीच्या खोऱ्यात आहे. तारळी पुढे उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. कासजवळचा भांबवलीचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत पडतो. पाणी टप्पे का घेतं? वरच्या घट्ट गाभ्यावरून पाणी सरळ कोसळतं, खालच्या ठिसूळ पट्ट्यावर आपटून तिथे कपार खोदतं. वरचा गाभा आधाराविना पुढे लोंबतो. त्यात उभ्या भेगा आधीच आहेत, म्हणून तो एका वेळी खांबासारखा किंवा ठोकळ्यासारखा सुटून खाली येतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. हेच चालू राहिलं की धबधब्याच्या पुढे, खालच्या बाजूला, दोन्हीकडे उभ्या भिंती असलेली घळ उरते. घळ म्हणजे धबधबा मागे येताना सोडून आलेली वाट.

हे तपासायला तीन गोष्टी शोधा: पडणाऱ्या पाण्यामागे कपार, पायथ्याशी ताजे धारदार कडांचे ठोकळे, आणि कड्याच्या ओठावर भिंतीला समांतर भेग. ओठावर अशी भेग दिसली तर त्या बाजूला पायही ठेवू नका. पुढचा ठोकळा तोच.

घळ सरळ रेषेत जाऊन एकदम काटकोनात वळत असेल तर पाण्याने खडकातली भेग धरली आहे. याचं मोठं उदाहरण कोयना. महाबळेश्वरपासून ही नदी सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते, हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. नकाशा उघडून हे वळण एकदा बघून ठेवा.

तिसरी पायरी: कोरड्या पात्रात

यासाठी उंच घळ नको. डिसेंबरनंतर एखाद्या ओढ्याचं रुंद, उथळ, उघड्या कातळाचं पात्र निवडा, जिथून दोन्ही काठांवर चढता येतं. उतरण्याआधी गावात तीन प्रश्न विचारा: वर धरण किंवा बंधारा आहे का, पाणी कधी सोडतात, आणि मोहोळ कुठे आहे.

पात्रात पहिली गंमत म्हणजे रांजणखळगे. कातळातल्या लहान खोबणीत भोवरा अडकतो, भोवऱ्यात गोटे अडकतात आणि गरगरत तळ खरवडत राहतात. सच्छिद्र दगडात बुडबुड्यांची भोकं आयतीच असल्यामुळे सुरुवात लवकर होते. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर कुकडी नदीतले निघोजचे रांजणखळगे सर्वांना माहीत आहेत, पण लहान नमुने कृष्णेच्या कितीतरी उपनद्यांत सापडतात. खळग्याच्या तोंडाचा व्यास आणि काठीने खोली मोजा. आतली भिंत हाताने चाचपा: गुळगुळीत आणि वळसेदार असेल तर गोट्यांचं काम, खडबडीत असेल तर नुसता ठोकळा निखळलेला. तळाशी गोल गोटे सापडले तर पुरावा पक्का. पाणी भरलेल्या खळग्यात उतरू नका. पुष्कळांचं पोट तोंडापेक्षा रुंद असतं, भिंत शेवाळलेली असते आणि धरायला काहीच नसतं.

दुसरी गोष्ट छिद्रांतले पांढरे खडे. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून खनिजं साचली. सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतात, पण ओळख पटवता येते. चाकूने ओरखडा उमटतो का बघा. उमटला नाही आणि उलट चाकूवरच रेघ पडली तर क्वार्ट्‌झच्या कुळातली गारगोटी. सहज उमटला आणि खरवडलेल्या पुडीवर व्हिनेगर टाकल्यावर बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. जोर दिल्यावर उमटला, बुडबुडे नाहीत, आणि भिंगातून पंख्यासारखे किंवा सुयांसारखे स्फटिक दिसले तर झिओलाइट. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यातली नेहमीची नावं. पोकळीच्या कडेला हिरवट लेप असेल तर तो शेवाळ नसून खनिज असू शकतो. नखाने खरवडा, शेवाळ निघून येतं.

हमखास होणारे गैरसमज

घाटात कापलेल्या दरडीत गोल गोल दगड दिसतात आणि लोक म्हणतात, इथून पूर्वी नदी वाहत होती. जवळ जाऊन बघा: त्या गोट्यांना कांद्यासारखे पापुद्रे असतात आणि गोट्यांमधली माती त्याच दगडाची कुजलेली असते. भेगांतून पाणी शिरून ठोकळ्याचे कोपरे आधी कुजले, आत गोल गाभा उरला. नदीच्या गोट्याला पापुद्रे नसतात आणि शेजारचे गोटे वेगवेगळ्या पोताचे असतात.

दगडाच्या भेगेवर काळी नक्षी, हुबेहूब नेच्यासारखी. ती वनस्पतीचा जीवाश्म नव्हे, मँगेनीजच्या ऑक्साइडची वाढ आहे. लाव्हात पान टिकत नाही.

थरांना आरपार कापत जाणारी, गडद किंवा फिकट रंगाची उभी भिंत दिसली तर मात्र थांबा. ती डाईक: भेगेत थिजलेला लाव्हा. तिच्यातले खांब आडवे असतात, कारण खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात तयार होतात आणि इथे तो पृष्ठभाग भेगेची बाजू आहे.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

पाण्याचा लोंढा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे माणमध्ये त्याचा दहावा हिस्सा. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वरच्या डोंगरावर ढग फुटलेला असू शकतो. बेसाल्टचा कातळ पाणी जिरवत नाही, सगळं घळीत येतं, आणि चिंचोळ्या घळीत पसरायला जागा नसल्यामुळे पाणी उंचीत वाढतं. खुणा अशा: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येणं, वरच्या बाजूने घरघर, गार वाऱ्याचा झोत. यातली एकही दिसली तर सामान सोडून जवळच्या काठावर चढा. पलीकडच्या काठावर नव्हे, ज्या बाजूने गाडीकडे परत जाता येतं त्या बाजूला राहणं आधीपासून सांभाळा. गुडघ्यावर वेगाचं पाणी असेल तर ओलांडू नका, ओसरेपर्यंत थांबा. लहान ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात.

कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांच्या खाली पाऊस नसतानाही पाणी चढतं, वीजनिर्मितीसाठी किंवा सिंचनासाठी सोडलेलं. भोंगा वाजला की बाहेर.

आग्या माश्या. कड्याच्या लोंबत्या कपारीखाली काळसर अर्धगोल पोळी लटकतात. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, ड्रोन उडवणं, सगळं बंद. उठल्याच तर तोंड-डोकं कापडाने झाका आणि पळा, बंद गाडीत किंवा दाट झुडपांत शिरा. डोहात उडी मारू नका. माश्या वर घोंघावत थांबतात आणि खालचं पाणी वेगळा धोका.

सुटे दगड. घनफूट बेसाल्ट सुमारे ८० किलो भरतो. घसाऱ्यावर एकामागोमाग एक चालू नका, तिरके विखरून चाला. दगड सुटला तर ओरडून सांगा. तात्काळ मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. घळीत रेंज नसते, म्हणून कुठे जातोय आणि कधी परतणार हे वर गावात कुणाला तरी सांगून उतरा.

नोंद आणि पुढची ठिकाणं

घरी आल्यावर त्याच रात्री चित्र शाईने पक्कं करा आणि फोटोंना क्रमांक द्या. फोटोत माप हवंच: जवळच्या दगडाशेजारी पेन, कड्याशेजारी माणूस किंवा गॅलरीचा कठडा. भिंतीचे सलग फोटो घेताना प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा येऊ द्या, म्हणजे ते जोडता येतात. उभं राहण्याची जागा लिहून ठेवा, कारण हीच भिंत मार्चमध्ये पुन्हा त्याच जागेवरून बघितली तर निम्म्या शंका मिटतात: ज्या झुडपांच्या ओळीखाली थर लपला होता ती वाळलेली असते.

पुढे आंबेनळी घाट करा, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना. या थरांचा अभ्यास करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं नमुने याच रस्त्यावर घेतले. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरातले झरे बघा आणि विहिरीत गेरूवर पाणी कसं अडतं ते आठवा; इथे तसंच ते जांभ्याच्या टोपीखाली अडतं. कोयनेच्या बाजूला नवजाजवळ ओझर्डे धबधबा आहे. तो परिसर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून असल्याने प्रवेशाची वेळ आणि परवानगी आधी वनखात्याकडून घ्यावी. सांगलीकडून येणाऱ्यांना चांदोलीच्या वाटेवर वारणेच्या खोऱ्यातही हेच थर भेटतील, तिथेही राष्ट्रीय उद्यानाचे नियम लागू आहेत आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो.